कोरी मूळ प्रत

…नाही, तुम्हीच सांगा, बटण दाबलं, कोपऱ्यात 'डाउनलोड झाले' आलं, मग लिहिलेलं जातं कुठे? हा प्रश्न मला दिवसातून सात वेळा विचारला जात होता हो! घास तोंडात असताना, ऑफिसात साहेब समोर उभे असताना… आणि विचारणारे कोण? माझे सासरे! शेजारी असता तर 'मला नाही बुवा कळत' म्हणून हात वर केले असते, सासऱ्यांपुढे करता येतात होय? आणि चूक कोणाची? माझीच!

मीच सुचवलं ना. सासूबाई जाऊन वर्ष झालं. सासऱ्यांना अलीकडे विसरायला होतं, परवा माझ्या बायकोलाच, म्हणजे सख्ख्या मुलीला, तिच्या मावशीच्या नावाने हाक मारली, ती आत जाऊन रडली. तर मला म्हणाले, "जावईबापू, हिचं सगळं लिहून ठेवायचंय, डोक्यातून निसटायच्या आत." मला भरून आलं हो! आणि तुम्हाला सांगतो, भरून आलेल्या माणसाने सल्ला देऊ नये. मी त्यांना ते ब्राउझरमध्ये उघडणारं नोंदवहीचं सॉफ्टवेअर दिलं. इंटरनेट नको, पासवर्ड नको, एकच फाइल, उघडा आणि लिहा!

फक्त एक मेख. सेव्ह दाबलं की त्याच फाइलमध्ये लिहिलं जात नाही, नवी प्रत तयार होऊन डाउनलोडमध्ये जाऊन पडते. 'आठवणी एक', 'आठवणी दोन'… जुनी आपली होती तशी कोरी. पुढच्या वेळी उघडायची ती शेवटची प्रत. तुम्हाला कळलं ना? लगेच कळलं ना? मग चला माझ्याबरोबर, सासऱ्यांना सांगा!

कारण सासरे चौतीस वर्षं सरकारी दप्तरखान्यात. कागद सांभाळण्यात हयात गेली. सकाळी डेस्कटॉपवरची पहिली फाइल उघडणार, ती कोरी, की मला फोन. "गेलं!"

"बाबा, गेलं नाही, डाउनलोडमध्ये आहे…"

"ती नक्कल, जावईबापू! नकलेवर पुढचा मजकूर चढवायचा? उद्या म्हणाल, झेरॉक्सवर सही करा!"

आणि पुन्हा पहिल्यापासून लिहायला बसणार. दोन बोटांनी! एकोणीस दिवस! एकोणीस वेळा सासूबाई पहिल्यांदा जिना उतरल्या, एकोणीस वेळा त्यांच्या चपलेचा पट्टा तुटला, आणि गाडी लग्नापर्यंत काही पोचेचना. पण गंमत सांगू? एकदा तिकडे गेलो असताना मी गुपचूप त्या प्रती वाचल्या. प्रत्येकीत काहीतरी वेगळं होतं. एकीत त्या हसल्या, एकीत यांच्यावर खेकसल्या, एकीत यांनी पट्टा दातांनी ओढून बसवला… मग मीच हट्टाला पेटलो. म्हटलं, बाबा, रविवारी येतो, एकोणीसही प्रती एकत्र करून देतो, तोवर कशालाही हात लावू नका. हो म्हणाले ना! दोनदा म्हणाले!

रविवारी गेलो. दारातच म्हणाले, "तुम्ही येणार म्हणून जरा आवरून ठेवलं."

"काय आवरलंत, बाबा?"

"नकला. मोजून नष्ट केल्या. एकोणीस. मूळ प्रतीला धक्का नाही."

"आणि ती स्क्रीनवरची कचऱ्याची टोपली…"

"तीही रिकामी केली. अर्धवट काम आम्ही कधी केलं नाही."

मी मूळ प्रत उघडली. कोरी! तुम्हाला सांगतो, ओरडणार होतो मी, शब्द अगदी जिभेच्या टोकावर आले होते, पण त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "या खेपेला खरंच गेलं का हो?" आणि चूक कोणाची? माझीच की!

म्हटलं, "नाही बाबा, बसा. तुम्ही सांगा, मी लिहितो." आणि सांगायला लागले तर काय विचारता! जिना, पट्टा, हसणं, खेकसणं, सगळं एका दमात, आणि दुपारच्या चहाच्या आत लग्न लागलं!

आता रोज ऑफिस सुटलं की मी तिकडे. ते सांगतात, मी टाइप करतो, चार ओळींना एकदा सेव्ह करतो, शेवटची प्रत शोधून उघडतो, पुन्हा चार ओळी. काल बायको बरोबर आली होती. तिला बाजूला घेऊन म्हणतात कसे, "जावईबापू मन लावून शिकतायत हो! फक्त ते सेव्हचं अजून डोक्यात बसत नाही त्यांच्या, सारखं सारखं दाबत बसतात."

आणि बायको? परत येताना, भर रस्त्यात, मला… मला म्हणते, "अरे, एकदा नीट समजून घे ना बाबांकडून!"