हेराच्या मागून जाणारी बाई

क्रॉयडनच्या थिएटरबाहेर एक म्हातारा रांग मोडून पुढे घुसला, तशी रांगेत उभ्या विनिफ्रेड ऑकेंडनच्या कपाळाची शीर उठली. वय झालं, पण माणसाला रीत नाही! मागोमाग त्याची मुलगी धावत आली.

"बाबा, लोक बघतायत. मागं चला."

"बघू देत. हेराचा सिनेमा सुरू होईल, डोरीन."

"तीनदा पाहिलात की! टेकलं तर सेटची भिंत हलेल, असला स्वस्तातला सिनेमा."

"स्वस्तातला म्हणूनच बरं. गर्दीला माणसं परवडेनात, म्हणून त्यांनी खऱ्या बाजारातच कॅमेरा लावला. हेर बसमधून उतरतो आणि मागून तुझी आई पिशवी घेऊन जाते."

"पाठच तर दिसते तिची."

"वळून बघते ती. लढाईत बॉम्बनं घर गेलं, त्यात तिचे फोटो गेले. नंतर जाईपर्यंत तिनं एकही काढू दिला नाही."

"मग पुढच्या खेळाला बसू."

"हा शेवटचा. उद्या दुसरा सिनेमा लागतोय. आणि ती सुरुवातीलाच येते गं."

विनिफ्रेडने छत्रीचं टोक म्हाताऱ्याच्या खांद्याला लावलं.

"ओ मिस्टर, रांग मोडलीत ते वाईटच केलंत. मग आता अर्ध्यात कशाला थांबलात? व्हा पुढं, पार दारापर्यंत. कोणी बोललं तर माझ्याशी गाठ आहे म्हणावं."