दम्याची पुडी, कडूबाचा नायटा

—माझ्या पुडीनं नायटा येतो? कोन बोललं? बसा ताई बाकड्यावर, सासऱ्याच्या दम्याचं मंग पाहू, आधी ऐका. मंठ्याच्या बाजारात पंधरा वर्षं बसून राह्यलो. हा कडूबा, पह्यल्या बाजारी दम्यानं धापा टाकत बायकोच्या खांद्यावर आल्ता, दुसऱ्या बाजारी— पायी! खायला लागला बैलावानी, तोंड गोल गरगरीत. मीच लोकायला दाखवायचो, पहा म्हनलं, तब्येत पहा.

तीन वर्षं खाल्ली. मंग नायटा— आधी जांघेत, मंग पाठीवर, छातीवर, ताटाएवढाले चट्टे, नखं पिवळी, भुसा झालेली. न्हाई तर काय होईल? अंग पुसायचं न्हाई, ओलं धोतर तसंच, अन् दोष पुडीला! जालन्याचा डॉक्टर म्हने, पुडीत स्टिरॉइड हाये, त्यानं अंगाची लढायची ताकद गेली, म्हनून बुरशी माजली. मोठा शहाना! अहो, साधी पांढरी गोळी, दुकानात मिळती, मी नुसती कुटून टाकतो— हां, टाकतो! झाडपाल्यानं कुनाची धाप बसली?

डॉक्टरनं सांगितलं, सोमवारी भरती हो, तोवर पुडी एकदम तोडू नको, अंगाला सवय झाली, जिवावर बेतल. म्हनून आला, अन् भर बाजारात सदरा वर करून खाजवून राह्यला, माझ्या गिऱ्हाइकायसमोर! किळस आली. हाकललं. "भुजंगभाऊ, चार दिवसाच्या तरी द्या," पाया पडला दोनदा. न्हाई दिल्या. जा म्हनलं तुझ्या डॉक्टरकडं. तिसऱ्या दिवशी वावरात पडला, उलट्या, डोळे फिरले, जालन्याला नेईपर्यंत खलास. यात माझा काय कसूर? नायट्यानं कोनी मरतं का? सोनूबाई, त्याची बायको, पुढच्या बाजारी आल्ती. रडली न्हाई, बोलली न्हाई, इथंच उभी राह्यली, तुमी बसल्या तिथं, नुसती माझ्याकडं पाहत. लोकं सरकून गेले. बोलायचं तरी होतं ना!

माझी माय? हो, तिलाबी दमा हाये, कोनी सांगितलं? न्हाई, ती पुडी न्हाई खात. तिला औरंगाबादहून पंप आनतो, तोंडात मारायचा. तिचं हाड नाजूक, तिला झेपत न्हाई— तुमाला काय करायचं? सासऱ्याला पुडी पाह्यजे का न्हाई? न्हाई? मंग उठा, जागा मोकळी करा, तुमच्यासारखे छप्पन येतात—

अन् ती माझ्यासमोरची पुडी उचलून पिशवीत कशाला घातली? डॉक्टरला दाखवायला? ठेवा इथं. ताई— ओ ताई—