पाचवा बार

माझं माहेर गव्हाणचं, खाडीकाठचं. लहानपणी चिखलात खेकडे धरले, कालवं फोडली, आणि मला दिली कुठं तर डोंगरावर. आमचे हे दगडखाणीत सुरुंग लावायच्या कामाला होते. लग्नात मावशी बोलली, खाडीच्या चिखलातली निवटी मासळी डोंगरावर कशी जगंल गो. जगली बाय, अठरा वर्षं जगली. तू बघितलीस ना ती वस्ती, तुझी आय माझ्याच शेजारची, तू बालवाडीत तिथंच गेलीस. पन्नासेक पत्र्याची घरं, एक चहाची टपरी, मारुतीची घुमटी, आणि समोर डोंगर, रोज थोडा थोडा कमी होणारा. त्याची खडी दिवसभर ट्रकनी खाली जायची. ही खांदा कॉलनी उभी राह्यली ना, तिच्या पायाखाली आमचा डोंगर हाय. लोकांना सांगितलं तर हसतात, पन हाय.

आता काय सांगू तुला, आमच्या खाणीत सुरुंगाच्या बारांची मोजणी बायकांची. कारण काय, तर भोकं पाडायच्या मशीननी पुरुषांचे कान गेलेले. आमच्या ह्यांना भाकरी वाढू का विचारलं तर दाराकडं बघायचे, कोण आलं म्हणून. मग ते काय मोजणार. दुपारी शिट्टी झाली, लाल बावटा लागला की सगळी मोठ्या धोंड्याच्या आडोशाला. मुकादम सांगायचा, आज सात भरलेत. एक बार उडाला की एक खडा मी ओटीत टाकायची. धूळ बसली की मुकादम विचारायचा, किती गो? मी सात बोलली तरच दुसरी शिट्टी, तरच माणूस पुढं. एक जरी कमी आला तरी कोणी पाऊल उचलायचं नाय, आमचे हेच मग जाऊन तो मुका बार शोधून उडवायचे. इतक्या वर्षांत माझ्या मोजणीवर कोणी बोट ठेवलं नाय. बायकांकडं सोनं असतं, माझ्याकडं हे होतं.

मग खाली बिल्डिंगी डोंगराच्या जवळ आल्या, आणि खाण बंद करायचा हुकूम आला. शेवटच्या दुपारी सात बार भरलेले. त्याच वेळी वस्तीत घरं मोडणं चाललेलं, टेम्पो उभे, कोणाचं पातेलं कोणाच्या बोचक्यात गेलंय. माझंही अर्धं ध्यान सामानात. मी ओटीत बघितलं, सात खडे. सात बोलली. मुकादमानी नारळ फोडला, पेढे वाटले, आणि आमी विचुंब्याला भाड्याच्या खोलीत आलो.

चार दिवस गेले असतील. शेजारी छपराचं काम चाललेलं, मी तांदूळ निवडत बसलेली, आणि वरून एक पत्रा पडला, धाड करून. माझा हात आपोआप सुपातल्या खड्याकडं गेला बघ. आणि मी तशीच बसली. बार असतो ना बाय, तो आधी पायाला कळतो, मग कानाला. त्या दिवशीचा पाचवा नुसता कानाला आलेला. कोणीतरी घराचा पत्रा टेम्पोत टाकला होता, आणि मी तो बार म्हणून मोजला. म्हणजे एक बार तिथं न उडता तसाच भरलेला.

ह्यांना सांगायचं म्हणजे ओरडून, सगळ्या चाळीला ऐकू गेलं. हे बोलले, चार दिवसांनी आठवलं व्हय, आता तिथं कोण मरायला जातंय. मी बोलली, बुधी जाते. बुधी म्हणजे ठाकरवाडीची पोर, शेळ्या घेऊन यायची, बारातनं उरलेल्या रंगीत वायरी वेचून बांगड्या वळायची. ह्यांनी हातातली भाकरी खाली ठेवली आणि शर्ट घातला. ते पनवेलला मुकादमाकडं गेले, मी नीट डोंगरावर.

वस्ती कुठं होती तेच कळंना. नुसत्या चुली आणि घुमटी. मारुती एकटा बसलेला. पुढं गेली तर शेळ्या दिसल्या, आणि कड्याच्या बुडाशी बुधी. भोकातनं दोन वायरी बाहेर आलेल्या, एक लाल, एक पिवळी, आणि पोरीनी त्या बोटाला गुंडाळलेल्या. ओरडली तर ती दचकंल, वायर ओढली जाईल. मी घरात बोलतात तशी बोलली, बुधे, बोट सोडव बाय, हळू, आणि माझ्याकडं ये. तिनी एकेक वेढा उलगडला. आली आणि वर मलाच बोलली, तुलाच करत होती मावशे, जाताना माझी बांगडी घेतली नाय तू.

तो दिवस मावळेपर्यंत आणि दुसऱ्या दिवशी सकाळपासून मी त्या वाटेवर बसून राह्यली, शेळी पन पुढं जाऊ दिली नाय. दुपारी मुकादम परवानगीचा कागद, माणसं, सामान घेऊन आला. आधी हसलेला म्हणे, खाण बंद झाली आणि तुझ्या बायकोची मोजणी काय बंद होत नाय. पन ह्यांचं तोंड बघून त्यानी चपला घातल्या. ह्यांनी बाजूला नवीन भोक पाडून भरलं, त्याच्यासंगं मुका बार पन उडतो. मी बुधीला घेऊन जुन्या धोंड्याआड बसली, ओटीत टाकायला एकच खडा. बार उडाला. आधी पायाला आला. समोर घरं नाय, भांडी वाजायला नाय, आवाज लांबवर गेला आणि परत आलाच नाय. धूळ बसली, आणि मुकादमानी सवयीनी विचारलं, किती गो?

मी बोलली, सात.

कोणी हसलं नाय. मुकादमानी शिट्टी मारली, नीट, लांब, काम चालू असताना मारायचा तशी.

आता तिथं गवत हाय, खाणीत पाणी साठतं, बगळे येतात. बुधीचं लग्न झालं. तिनी दिलेली बांगडी ह्या हातात हाय, रंग गेलाय. तू शिकलीस, लिहायला लागलीस, बरं वाटतं, देव तुझं भलं करो. लिहिशील तर एवढं लिही, की त्या डोंगरावर पोरींनी शेळ्या खुशाल न्याव्या, पाहिजे तिथं हात घालावा. काय राह्यलं नाय. मी मोजलंय.