मुठीवरची दोरी

जबाब, दि. १२ एप्रिल २०२५

मी, तुळसाबाई परसराम नंदागवळी, वय ५८ वर्षे, धंदा शेतमजुरी व मोहफुले वेचणे, राहणार नाकाडोंगरी, ता. तुमसर, जि. भंडारा. ठाण्यात बोलावल्यावरून आज स्वतः हजर राहून, विचारल्याप्रमाणे सांगते की,

वरील पत्त्यावर मी मुलगा अंकुश आणि सून डिंपल यांच्यासह राहते. माझे पती परसराम सहा वर्षांपूर्वी आजाराने वारले. अंकुश सध्या कोठडीत आहे. आमच्याच मोहल्ल्यातील चंद्रकुमार याला त्याने सुऱ्याने मारले, अशी तक्रार चंद्रकुमारचा मोठा भाऊ भैय्यालाल याने दिली आहे. तो सुरा आमच्या घरचा आहे आणि तो मीच घासला आहे. मला तसे करायला कोणी सांगितले नव्हते.

सुरा माझ्या पतीने ट्रकच्या कमानपट्ट्याचा तुकडा देऊन लोहाराकडून करवून घेतला होता. लोखंड चांगले आहे, पण ओल लागली की गंज धरते. पात्यावर काळपट रंग चढतो तो तसाच राहू द्यायचा, त्याने पाते टिकते. तांबूस दिसले तर चिंच आणि चुलीची राख लावून तेवढेच काढायचे. मग लगेच कोमट पाण्याने धुवायचे, कारण आंबट राहिले तर ते लोखंड खाते. चुलीजवळ सुकवून मोहाच्या बियांचे तेल बोटाने फिरवायचे. चामड्याच्या म्यानात ठेवून द्यायचा नाही, म्यान ओल धरते. एवढे सविस्तर कशाला, असे हवालदारसाहेब म्हणाले. पाते साफ करायची रीत त्यांनीच विचारली होती, म्हणून सांगितली.

जंगलातून आलेले मळके पाते उंबरठ्याच्या आत घ्यायचे नाही, अशी आमच्या घरची चाल सासऱ्यापासून आहे. माझे पती म्हणायचे, "पात्यावर रक्त शिळं होऊ देऊ नोको तुळसा, मंग ते आनखी मांगते." यावर माझा विश्वास आहे काय, असे मला विचारण्यात आले. लग्न होऊन आले तेव्हापासून मी तसेच करत आले आहे.

अंकुश आणि चंद्रकुमार यांचे भांडण झाले होते, ही गोष्ट खरी आहे. मोहाची झाडे आमच्याकडे घराघरांत वाटलेली असतात. ज्याचे झाड, त्याने खालचा पालापाचोळा झाडून, जाळून जागा साफ करायची. चंद्रकुमारने आम्ही साफ केलेल्या जागेवर फुले वेचली, म्हणून अंकुश चारचौघांत त्याला "पाहून घेतो तुले" असे बोलला. मी तिथे होते. त्यानंतरही दोघे सोबतच जंगलात गेले. झाडाखाली भांडण असले तरी जंगलात कोणी एकटा जात नाही. तक्रारीत पहिली गोष्ट लिहिली आहे, दुसरी लिहिली नाही.

दि. ३ एप्रिल रोजी सूर्य वर आल्यावर अंकुश चंद्रकुमारला पाठीवर घेऊन आला. दोघेही रक्ताने भरलेले होते. अंकुशने सुरा अंगणातल्या मोरीजवळ टाकला आणि म्हणाला, "आई, अस्वल होतं. मी दोनदा हानलं, तई सोडलं त्यानं." त्यानंतर तो लोकांच्या मदतीने चंद्रकुमारला गाडीत घालून दवाखान्यात घेऊन गेला. चंद्रकुमार शुद्धीवर आला नाही. तिसऱ्या दिवशी तो वारला.

गाडी गेल्यावर मी सुरा उचलला. पात्यावर रक्त वाळत होते आणि मुठीजवळ जाड, काळे केस चिकटलेले होते. ते माणसाचे नव्हते. सून म्हणाली, "आई, राहू द्या तो सुरा तसाच. कोनी विचारलं तं?" मी म्हणाले, "अस्वलाच्या मामल्यात कोन कायले विचारन?" मग मी चिंच भिजत घातली.

पाते नेहमी काळपट असते, तर जप्तीच्या वेळी आरशासारखे लख्ख कसे, असे तपास करणाऱ्या साहेबांनी तीनदा विचारले. तीनदाही मी खरेच सांगितले. दवाखान्यातून काही निरोप येत नव्हता. हात थांबले की पाठीवरचा चंद्रकुमार डोळ्यांसमोर येई. म्हणून मी घासत राहिले. परसरामने इतकी वर्षे सांभाळलेला काळा रंगसुद्धा निघून गेला, तरी मला कळले नाही. केस आणि राख मी उकिरड्यावर टाकली. दुपारी वादळी पाऊस झाला आणि उकिरडा वाहून गेला. दुसऱ्या दिवशी वनखात्याचे लोक आले, त्यांना अस्वलाचे ठसे मिळाले नाहीत.

चंद्रकुमारच्या मानेवरची एक जखम कापल्यासारखी दिसते, असे मला ठाण्यात सांगण्यात आले. त्याबद्दल मला काही समजत नाही. पात्यावर जनावराचे रक्त सापडले असते तर अंकुशचे म्हणणे खरे ठरले असते, एवढे मला समजते. ते रक्त मी माझ्या हाताने काढले. तेव्हापासून मी चिंचेला हात लावलेला नाही.

भैय्यालालवर माझा राग नाही. ज्याचं जळतं त्यालाच कळतं. मी त्यांच्याकडे भेटायला गेले होते, मला कोणी आत बोलावले नाही. मी त्यांच्या अंगणात बसून परत आले. चंद्रकुमार लहानपणी आमच्याकडे जेवत असे.

आज ओळख पटवण्यासाठी साहेबांनी सुरा माझ्यासमोर टेबलावर ठेवला. तो आमचाच आहे. मूठ तिवसाच्या लाकडाची असून तिच्यावर सुती दोरी घट्ट गुंडाळलेली आहे. ही दोरी माझ्या पतीने शेवटच्या आजारपणात खाटेवर बसून गुंडाळली होती. हात थरथरत होता, म्हणून शेवटची गाठ वाकडी आली. मी सोडून नीट बांधते म्हणाले, तेव्हा ते म्हणाले, "राहू दे वो, धरली का समजते माह्याच हातची हाये." महिनाभरात ते वारले.

तेव्हापासून ती दोरी मी ओली होऊ देत नाही. पाते धुताना मुठीवर प्लास्टिकची पन्नी चढवून सुतळीने बांधते. त्या दिवशीही बांधली होती. पात्याकडची दोरी काळी पडलेली मला दिसली होती. पण धुतली तर सैल होईल, म्हणून मी तिला हात लावला नाही. हे मला आज सुरा समोर आल्यावर आठवले. याआधीच्या चौकशीत मी सांगितले नाही, कारण मला पात्याबद्दलच विचारत होते.

तरी पात्यावर मिळाले नाही ते दोरीच्या आत बसलेले असेल, असे माझे म्हणणे आहे. साहेबांनी सुरा उजेडाकडे धरून दोरी पाहिली. मग त्यांनी मला समजावून सांगितले की रक्त माणसाचे की जनावराचे, हे प्रयोगशाळेत कळू शकते. पण त्यासाठी दोरी कापावी लागेल, तिचे तुकडे करावे लागतील, आणि ती पुन्हा होती तशी होणार नाही. आत काही निघेलच, अशी खात्री ते देऊ शकत नाहीत. मी विचार करून उद्या सांगितले तरी चालेल, असेही ते म्हणाले.

मी म्हणाले, "उद्या कायले? कापा."

दोरी कापण्यास माझी हरकत नाही. काम झाल्यावर तिचे तुकडे मला परत मिळावे, असे मी आधी बोलले होते आणि ते लिहिले गेले होते. ती ओळ खोडावी. पोरगा घरी आला पाहिजे, दुसरे काही मला परत नको.

हा जबाब हवालदारसाहेबांनी मला सुरुवातीपासून वाचून ऐकवला. मी सांगितले तेच यात आहे. एक ओळ खोडलेली आहे, ती माझ्या सांगण्यावरून खोडली आहे. तिच्याशेजारी मी सही केली आहे.

तुळसाबाई परसराम नंदागवळी