कमळावरची धूळ

धाकटी : ...पण बघू काय, ताई? लाल फुलं काढलीयस. छान आलीयत.

थोरली : देठ बघ.

धाकटी : हिरवा आहे.

थोरली : त्याच्यावर वरपासून खालपर्यंत एक बारीक पांढरी रेघ आहे.

धाकटी : हात हलला असेल. या वयात चित्रकलेच्या क्लासला जायचं म्हणजे असं होणारच.

थोरली : माझा हात हलत नाही. तेवढा कागद कोरा सोडावा लागतो, तेव्हा कुठे अशी रेघ उमटते. दोन दिवस घालवले तिच्यावर. तू पाठवलेल्या फोटोत होती म्हणून काढली. काल सरांनी बघितलं, म्हणाले, बाई, हा साच्याचा जोड आहे. प्लास्टिकच्या फुलाला असतो. सगळा वर्ग हसला.

धाकटी : सरांना काय कळतंय.

थोरली : घरी येऊन तू पाठवलेले सगळे फोटो पुन्हा बघितले. डोंगरावरची जांभळी, समुद्राकाठची पिवळी. अकरापैकी नऊ फोटोंत जोड आहे. तळ्यातल्या कमळांवर तर धूळ बसलीय. मी मूर्खासारखी ती धुकं समजून रंगवली.

धाकटी : अगं, हॉटेलात खाली ठेवली होती ती. दिवसभर गाडीत बसून अंग आंबतं. त्यात तुझं आपलं, फूल पाठव, फूल पाठव. समोर दिसलं ते पाठवलं. तुला रंगवायला फूलच हवं होतं ना?

थोरली : नुसतं फूल हवं असतं तर कोपऱ्यावरच्या फुलवालीकडून आणलं असतं. तूच म्हणाली होतीस, आईजवळ तू थांब, मी जाईन तिथलं फूल पाठवीन, म्हणजे तूही आल्यासारखं होईल. सहा वर्षं मी आईला उठवते, बसवते, भरवते. आणि तुला फुलासाठी चार पावलं दाराबाहेर टाकवली नाहीत.

धाकटी : किती मनाला लावून घेतेस. पुढच्या महिन्यात जातोय ना आम्ही, तेव्हा बागेतलं पाठवते. वास घेऊन, खात्री करून. मग तर झालं?

थोरली : पुढच्या महिन्यात तू इथे आहेस.

धाकटी : म्हणजे?

(थोरली पलंगाखालून भरलेली बॅग ओढते.)

थोरली : ही गोळ्यांची डबी. पांढऱ्या कप्प्यात सकाळच्या, निळ्यात रात्रीच्या. आईला भरवताना टीव्ही बंद ठेवायचा, नाहीतर ती घास गिळायचा विसरते.

धाकटी : ताई, मला यातलं काही येत नाही.

थोरली : मलाही येत नव्हतं.

धाकटी : दोन दिवसांचं म्हणून बोलावलंस तू मला. घरी काय सांगू मी?

थोरली : काहीही सांग. तुला जमतं ते. पाच आठवड्यांनी येईन.

धाकटी : आणि जाणार कुठे?

थोरली : त्या डोंगरावर. जांभळी फुलं तिथे खरंच असतात की नाही ते बघायचंय.

धाकटी : अगं, पण आईने विचारलं तर? ताई कुठेय म्हणाली तर?

थोरली : एवढ्यात येईल म्हणायचं. तुझ्याबद्दल विचारते तेव्हा मी तेच सांगते.