बॅटरी आणि माझा पायगुण

"हिने उंबरा ओलांडला आणि बॅटरी बसली," असं सासूबाई नणंदेला सांगत होत्या. मी भिंतीपलीकडे तांदूळ निवडत होते, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

तेव्हा कळव्याला आमच्याकडे वीज आलेली नव्हती, रेडिओ मोटारीच्या बॅटरीवर चाले. माझे वडील कल्याणला बॅटऱ्या चार्ज करून देत, त्यामुळे शिशाच्या प्लेटा, अ‍ॅसिड, डिस्टिल्ड वॉटर हे शब्द मी परकरात असल्यापासून ऐकलेले. मामंजी मात्र बॅटरीतलं पाणी कमी झालं की सरळ विहिरीचं ओतत. विहीर खाडीलगतची, पाणी मचूळ. मी एकदा यांना हळूच म्हटलं, "अहो, त्यात बाटलीतलं पाणी घालतात."

"अगं, पण बाबांना सांगणार कोण?" हे म्हणाले आणि पेपर वाचू लागले.

यथावकाश नवी बॅटरी आली. सासूबाईंनी सगळ्यांसमोर निकाल दिला, "ही रुळेपर्यंत सूनबाईला महिनाभर माहेरी धाडू या. परीक्षा कशाला बघायची?"

मामंजींनी मान डोलावली. हे पायाच्या अंगठ्याकडे बघत बसले. लग्नाला चार महिने झालेले. अशी परत आलेली मुलगी पाहून कल्याणला काय बोलतील, ते मला कळत होतं.

तेवढ्यात मामंजी तांब्या घेऊन उठले. "पाणी थोडं कमी दिसतंय हिच्यात."

तेव्हा मी पहिल्यांदा त्यांच्यापुढे तोंड उघडलं.

"मामंजी, मी जाते. पण ते खारं पाणी शिसं खातं, तेवढं घालू नका. या खेपेला बॅटरी बसली, तर पायगुणाला नावं ठेवायला मी घरात नसेन."