अध्यक्षाबाईंचा कोबी आणि कोंडवाड्याची किल्ली

ग्रामसभेच्या सन्माननीय अध्यक्षा श्रीमती डॉर्कस लंब, व्यासपीठावरचे पाद्रीबाबा, आणि ज्यांची जनावरं कधी ना कधी कोंडवाड्यात जाऊन आली आहेत असे समस्त थॉर्नबेककर,

आधी कबुली देतो. हे भाषण लिहायला मला तीन आठवडे मिळाले होते. लिहिलंय आज दुपारी, भाजीच्या यादीच्या मागे. मध्येच गाजर आलं तर ते वगळून ऐकावं.

ज्यांना निरोप द्यायचा ते एझ्रा होल्ड्सवर्थ आजोबा इथे नाहीत. यॉर्कशायरच्या या आपल्या गावचा कोंडवाडा एकोणचाळीस वर्षं सांभाळलेला माणूस. म्हणाले, "किल्ली कुणीतरी घेतली की बोलवा. तोवर टाळ्या नकोत." ती किल्ली या टेबलावर आहे; उचलेल तो नवा कोंडवाडेवाला. आज कुणी उचलली नाही, तर सोमवारी कोंडवाडा पाडून तिथे मोटारी उभ्या राहणार. "तू घेतोस का?" असं मला तीनदा विचारलं गेलं. मी तीनदा "बघतो" म्हणालो. एका गावात टिकणं माझ्या पायांना जमत नाही, हे आपण जाणताच.

दोन वर्षांपूर्वी मी माझ्या डचेस घोडीवरून उत्तरेला निघालो होतो. उत्तरेला काय होतं? आता आठवत नाही. वाटेत मला डुलकी लागली आणि डचेस अध्यक्षाबाईंच्या कोबीत शिरली. डोळे उघडले तर समोर आजोबा. एका हातात दोर, दुसऱ्यात टोपी. जनावरापुढे टोपी काढल्याशिवाय ते टाच आणत नसत.

"नुकसान करताना सापडलीस, बाई. आता अटकाव," ते घोडीला म्हणाले. मग मला, "उतर, पोरा."

"का उतरू?"

"वर माणूस असेल तर घोडी धरता येत नाही. जुना कायदा आहे."

"मग नाहीच उतरत!"

"नको उतरूस. मी थांबतो."

चार तास थांबले! तेवढ्या वेळात मला टाच, अटकाव, जप्ती, रेप्लेव्हिन म्हणजे जनावराची जामिनावर सुटका, सगळं शिकवून झालं. शाळेत माझ्यावर इतका वेळ कुणी घालवला नव्हता. मध्ये त्यांच्या घरून होल्ड्सवर्थ आजींनी चहा आणला. मोठ्या मगातून, दोनदा, फक्त मला. तो डाव होता हे उशिरा कळलं. मी उतरलो. कुठे धावलो ते सभेत सांगत नाही.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. कोंडवाडा उघडा असेल तर जनावराला मालकाने खायला घालायचं. वर छप्पर असेल तर कोंडवाडेवाल्याने. आपला कोंडवाडा उघडा, आणि माझ्याकडे तर माझ्यापुरताही पाव नव्हता. आजोबांनी माझ्याकडे एकदा पाहिलं, शिडी आणली आणि कोंडवाड्यावर ताडपत्री ताणली.

"झालं छप्पर. आता गवत माझ्याकडे लागलं," म्हणाले. "आणि तू काय बाहेर उभा? छपराखाली ये की."

ती ताडपत्री अजून आहे. ती काढून तिथे मोटारी उभ्या करायच्या?

तेव्हा अध्यक्षाबाई, ही पाहा, घेतली किल्ली. जड आहे हो! आपण सर्वांनी ऐकून घेतलंत, उपकार आहेत. बोलण्यात कुणाचं कुंपण मोडलं असेल तर ते उद्या बांधून देईन, आज तेवढं पोटात घाला...

काय? दाराशी काय गडबड आहे?

मंडळी, निरोप आलाय. डचेस दावं तोडून पुन्हा अध्यक्षाबाईंच्या कोबीत शिरली होती. म्हणजे माझं पहिलंच काम, माझ्याच घोडीवर टाच. आणि एझ्रा आजोबा आलेत. दारात आहेत, डचेसवर बसून. म्हणतायत, "खुशाल टोपी काढ, पोरा. मी उतरत नाही. आणि मला चहा विचारू नका."